औंढा वेगळं, औंध वेगळं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात औंध संस्थानाबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की साताऱ्याकडच्या एका राजानं १९३९ मध्ये आपणहून कारभार गावपंचायतींच्या हातात दिला. त्यावर पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले, दोघातिघांनी तर फोनच केले. आपल्या मराठवाड्याला संस्थान म्हणलं की निजाम एवढंच डोळ्यासमोर येतं, म्हणून लोकांना हे नवल वाटलं असणार. तर यावेळचं सगळं पान औंधलाच देऊन टाकलंय.

प्रश्न : आमचं औंढा नागनाथ आणि तुम्ही लिहिलेलं औंध एकच का? आमच्या गावात कधी राजा होता असं म्हाताऱ्या माणसांकडून बी ऐकलं नाही. (एक वाचक, औंढा नागनाथ, जि. हिंगोली)

नाही हो, एकच नाही, आणि तुमच्यासारखंच अजून चार जणांनी विचारलंय. तुमचं औंढा म्हणजे ज्योतिर्लिंगाचं औंढा, नामदेव महाराज आणि विसोबा खेचरांचं औंढा, ते पूर्वी निजामाच्या मुलखात होतं आणि आता हिंगोली जिल्ह्यात आहे. मी लिहिलेलं औंध सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आहे, साताऱ्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पुण्यात युनिव्हर्सिटीच्या पुढं एक औंध आहे ते तिसरंच, त्यामुळं गुगल मॅपवर नुसतं औंध टाकून निघालात तर पुण्याच्या ट्रॅफिकमधी जाऊन अडकाल, सातारा जिल्हा असं सोबत टाकत जा.

प्रश्न : औंधचे राजे पंतप्रतिनिधी म्हणजे ब्राह्मण, मग त्याला मराठा संस्थान कसं म्हणायचं? आणि प्रतिनिधी म्हणजे कुणाचा प्रतिनिधी? (एक शिक्षक, वैजापूर)

सर, इथं मराठा म्हणजे मराठ्यांचं राज्य, जात नाही. सांगली-मिरजेचे पटवर्धन, भोरचे पंतसचिव, औंधचे पंतप्रतिनिधी ही सगळी त्याच राज्याच्या सरदार-मुत्सद्द्यांची घराणी, इंग्रजांच्या काळात ती संस्थानं म्हणून शिल्लक राहिली. राजाराम महाराज जिंजीला असताना प्रतिनिधी हे पद निघालं, महाराजांच्या वतीनं काम बघणारा माणूस असा त्याचा अर्थ, आणि मान अष्टप्रधानांच्याही वर. आधी प्रल्हाद निराजी होते, पुढं ते पद किन्हईच्या परशुराम त्र्यंबकांकडं आलं. औरंगजेबानं घेतलेले साताऱ्या-पन्हाळ्याकडचे किल्ले ताराबाईंच्या काळात परत मिळवण्यात ह्या परशुरामपंतांचा मोठा वाटा होता, औंधचं घराणं त्यांचंच.

तुम्ही वैजापूरचे, म्हणून एक जास्तीचं सांगतो. तुमच्याच तालुक्यातल्या पालखेडला १७२८ मध्ये बाजीरावांनी निजामाला कोंडीत धरलं आणि मग मुंगी-शेवगावचा तह झाला. त्या वेळी साताऱ्याच्या दरबारात बाजीरावाच्या विरुद्ध बाजूला जे वजनदार गृहस्थ होते, निजामाशी मिळतंजुळतं घ्यावं असं म्हणणारे, ते म्हणजे श्रीपतराव प्रतिनिधी, परशुरामपंतांचे चिरंजीव. म्हणजे तुमच्या शिवारात लढाई झाली आणि तिच्यावरून सगळा वाद साताऱ्यात, असं ते होतं.

प्रश्न : राजानं खरंच सत्ता सोडली का नुसतं कागदावर? आमचे आजोबा निजामाच्या जेलात होते, त्यामुळं राजा आपणहून कारभार देऊन टाकतो ह्यावर विश्वासच बसत नाही. (एक वाचक, अंबाजोगाई)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आमच्या घरातबी त्या काळाच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो, त्यामुळं विश्वास का बसत नाही हे मला कळतं. म्हणून ह्याला जरा सविस्तर सांगतो.

आधी तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. १९३८ च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहायच्या आधीच निजाम सरकारनं तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, तुमच्याच अंबाजोगाईच्या शाळेत शिकवलेले स्वामी रामानंद तीर्थ जेलात गेले. नोव्हेंबरात औरंगाबादला कॉलेजच्या पोरांनी वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला, ते लोण उस्मानियापर्यंत गेलं आणि पोरांची नावं कॉलेजातून काढून टाकली. आणि ह्याच हिवाळ्यात, इथून काही शे किलोमीटरवर, औंधचे राजे भवानराव, ज्यांना सगळे बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणायचे, त्यांनी जाहीर केलं की आता राज्य लोकांनी चालवायचं. २१ जानेवारी १९३९ ला तसा कायदाच केला. इकडं वंदे मातरम् म्हणलं म्हणून पोरं बाहेर आणि तिकडं राजा म्हणतोय की घ्या बाबांनो, तुमचं तुम्ही बघा. मला तर हे लिहितानाबी अंगावर काटा येतो.

आता खरंच सोडली का? हो, सोडली. संस्थान लहान होतं, बहात्तर गावं आणि पाऊण लाखाच्या आसपास लोक, आणि तेही एका जागी नाही, औंध इकडं, आटपाडी तिकडं, कुंडल तिसरीकडं आणि एक तुकडा तर विजापूरकडं गुणदाळला. राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन आले होते, आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलंडचे इंजिनियर होते, आधी बंगलोरला कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, नंतर भारतानंद नाव घेऊन साधेपणानं राहणारे. ह्यांनी राजेसाहेबांसोबत गांधीजींकडं जाऊन ही घटना नक्की केली. गांधीजींचा आग्रह असा की सुरुवात वरून नाही, गावातून करायची. गावातल्या सगळ्या वयात आलेल्या माणसांनी, बायांनीसुद्धा, पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांची मिळून तालुका समिती आणि तिच्यातून वरच्या सभेत माणसं पाठवायची. भांडणतंटे गावातच मिटवायचे, त्याला पैसा लागणार नाही. राजेसाहेबांनी स्वतःच्या खर्चावर मर्यादा घालून घेतली.

अडचणी आल्या नाहीत असं नाही. तो भाग दुष्काळी, आपल्या बीड-धाराशिवसारखाच, पाऊस नाही तर पीक नाही, आणि तिजोरीत पैसा तो केवढा असणार. पण म्हणून कुणी कारभार परत वाड्यात नेला नाही, ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत तो तसाच चालला. आपण त्या दिवशी अजून निजामाच्याच ताब्यात होतो, आपल्याकडं १७ सप्टेंबर उजाडायला अजून सहा महिने होते.

अजून एक गोष्ट तुमच्या आजोबांच्या पिढीला लगेच कळली असती. आपल्याकडची माणसं निजामाच्या पोलिसांना चुकवून सरहद्द ओलांडून उमरखेडला, बार्शीकडं कॅम्पावर जायची ना, तसंच तिकडं उलटं होतं. बेचाळीसच्या चळवळीत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं मुख्य ठाणं कुंडलला होतं आणि कुंडल हे औंध संस्थानातलं गाव. बाहेर इंग्रजांचे पोलीस मागावर असायचे आणि संस्थानात आलं की आसरा मिळायचा. सरहद्द कशाला म्हणतात हे आपल्याला कुणी वेगळं सांगायची गरज नाही.

प्रश्न : मी अजिंठ्याला गाइडचं काम करतो. एका टुरिस्टनं सांगितलं की आपल्या लेण्यातल्या चित्रांच्या कॉप्या औंधच्या म्युझियममधी आहेत, हे खरं आहे का, आणि तिथं कशाला गेल्या? (फर्दापूर, ता. सोयगाव)

खरं आहे. आणि तुम्ही रोज लोकांना ती चित्रं दाखवता म्हणून तुम्हाला हे आधी माहीत पाहिजे असं मला वाटतं.

बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. म्हणजे राजाला शौक असतो तसं नाही, रोज बसून रंगवणारे, रामायणातली चित्रं काढलेले, शिवाय कीर्तनबी करायचे. त्यांना अजिंठा आणि वेरूळचं वेड होतं. निजामाच्या राज्यातल्या ह्या लेण्यांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तकं लिहिली, वेरूळवरचं १९२९ ला आलं आणि अजिंठ्यावरचं १९३२ ला. आणि चित्रकारांना सोबत घेऊन अजिंठ्याला जाऊन त्यांनी चित्रांच्या प्रती करून घेतल्या.

कशाला, तर आधीच्या प्रतींचं काय झालं ते बघा. मेजर गिलनं १८४४ पासून वीसेक वर्षं अजिंठ्यात राहून प्रती काढल्या, त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमधी लावल्या आणि १८६६ च्या आगीत जवळपास सगळ्या जळाल्या. मग ग्रिफिथ्स साहेबानं मुंबईच्या जे. जे. स्कूलची पोरं घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रती केल्या, त्यातल्याबी बऱ्याच १८८५ ला लंडनच्याच म्युझियममधी आगीत गेल्या. दोनदा सात समुद्रापार जाऊन जळाल्या. औंधच्या प्रती मात्र ह्याच मातीत राहिल्या, आपल्यासारख्या माणसाला एसटीत बसून जाऊन बघता येतात.

मी तिथं गेलो होतो तेव्हाचं सांगतो. अजिंठ्यात कसं असतं तुम्हाला माहीतच आहे, बाहेरच्या उन्हातून आत गेलं की आधी दोन मिनिटं काहीच दिसत नाही, मग मंद लाइटमधी एक हात दिसतो, एक डोळा दिसतो, मागून गर्दी पुढं सरका पुढं सरका म्हणत असते आणि मान दुखायला लागते. औंधला त्या दालनात मी एकटाच होतो. चित्र समोर, उजेडात, पाहिजे तेवढा वेळ. पद्मपाणीच्या हातातलं कमळ कसं नुसतं बोटांवर टेकलंय, धरलेलं नाही, ते मी अजिंठ्याला दहा वेळा जाऊन बघितलं नव्हतं, औंधला बघितलं, आणि परत आल्यावर पुन्हा पहिल्या नंबरच्या लेणीत जाऊन मूळ चित्रात शोधलं, तेव्हा ते तिथं दिसलं. प्रत मूळ चित्राची जागा घेत नाही, पण डोळ्याला कुठं बघायचं ते शिकवती. तुमच्यासारख्या गाइडांनी एकदा तरी जाऊन यावं असं मनापासून वाटतं.

ते श्री भवानी म्युझियम १९३८ मध्ये राजेसाहेबांनी उभं केलं, यमाईच्या डोंगराच्या निम्म्या चढावर. आत राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, बाबुराव पेंटर आहेत, जुनी लघुचित्रं आहेत, आणि हेन्री मूर नावाच्या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल हे लहानसं दगडी शिल्पबी आहे, खटाव तालुक्यातल्या एका खेड्यात. राजेसाहेबांनी आयुष्यभर जमवलेलं हे सगळं वाड्याच्या माजघरात बंद करून ठेवलं नाही, रस्त्यावरच्या माणसाला बघता येईल असं ठेवलं.

प्रश्न : सूर्यनमस्कार औंधच्या राजानं सुरू केले असं आमच्या शाळेत वादात निघालं. खरं काय? (पीटीचे सर, नांदेड)

सुरू केले नाहीत, सूर्यनमस्कार त्यांच्या कितीतरी आधीपासून आहेत, समर्थ रामदासांच्या परंपरेत, तालमीत, घराघरात. पण आज शाळेच्या मैदानावर पोरं ओळीत उभी राहून घालतात, ती सवय लावण्यात औंधचा वाटा फार मोठा आहे. राजेसाहेब आधी सँडोच्या पद्धतीनं व्यायाम करायचे, तोच युजीन सँडो ज्याच्या नावानं आपण सँडो बनियन म्हणतो. दहा वर्षं तो व्यायाम केला, मग मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून सूर्यनमस्काराकडं वळले ते कायमचे. संस्थानातल्या शाळांत ते लावले, पुस्तक लिहिलं, प्रत्येक नमस्काराला मंत्र म्हणायची पद्धत सांगितली, आणि पोरांसोबत पोरींनी अन् बायांनीबी घालावेत हा त्यांचा हट्ट होता, त्या काळात! स्वतः ऐंशी पार करून १९५१ ला गेले. तुमच्या वादात एवढं सांगा, की जनक नाही पण प्रसार करणारा त्यांच्यासारखा दुसरा नाही.

शाळेवरून आठवलं, साने गुरुजी लहानपणी शिकायला काही दिवस औंधला होते, गरीब पोराची तिथं सोय होईल म्हणून, पण प्लेगामुळं परत फिरावं लागलं. गदिमा संस्थानातल्याच माडगूळचे, त्यांचंबी शिक्षण औंधला झालं. आणि वेदांचे पंडित सातवळेकर, जे आधी हैदराबादला चित्रकार होते, त्यांनी आपलं वेदांचं छपाईचं मोठं काम औंधलाच बसून केलं.

प्रश्न : आम्ही तुळजापूरचे. औंधच्या यमाईला जायचंय, आई सोबत आहे, डोंगर चढणं होत नाही. एका दिवसात काय काय बघून होईल? (तुळजापूर, जि. धाराशिव)

ताई, आईला घेऊन बिनधास्त जा, वरपर्यंत गाडीचा रस्ता आहे. पायऱ्यांनीबी जाता येतं, पण ते तरण्या पोरांना राहू द्या.

तुळजापूरकरांना यमाईची गोष्ट तर आपलीच वाटेल. आपल्याकडं श्रीरामाला देवी भेटली तेव्हा तो म्हणाला, तू का आई, म्हणून तुकाई. तिकडं औंधासुर नावाच्या राक्षसाला मारायला जोतिबानं देवीला हाक मारली, ये माई, म्हणून यमाई, आणि त्या राक्षसावरून गावाचं नाव औंध. वर डोंगरावर मूळपीठ आहे, भोवती किल्ल्यासारखा तट अन् बुरूज, आत काळ्या पाषाणाची बसलेली देवी, माणसाएवढी मोठी, बघितल्याबरोबर हात आपोआप जोडले जातात. खाली गावात वाड्याजवळ दुसरं यमाईचं देऊळ, त्याच्यासमोरची दीपमाळ नक्की बघा, मान वर करून करून टोक दिसतं. पौष महिन्यात मोठी यात्रा असते, तेव्हा आईला गर्दीचा त्रास होईल, त्या दिवसांत नका जाऊ.

तुळजापूरहून सोलापूर, पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, वडूज असा रस्ता पडतो. एका दिवसात जाऊन येणं फार ओढाताणीचं होईल हो, आईसाठी तरी पंढरपूरला मुक्काम करा, विठ्ठलाचं दर्शनबी होईल. सकाळी औंध, आधी वर देवी, उतरताना म्युझियम (सुट्टीचा वार आधी फोन करून विचारून घ्या, आम्ही एकदा बंद दारावरून परत आलोय), मग खालचं देऊळ. संगीताची आवड असंल तर अश्विनात, दसऱ्यानंतर, तिथं जुना संगीत महोत्सव होतो, अंतूबुवा जोशींनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू केलेला.

परत येताना दिघंचीकडून आटपाडीला वळता आलं तर तिथून जवळच स्वतंत्रपूर आहे. १९३९ मध्ये ह्याच राजेसाहेबांनी आणि फ्रीडमननी तिथं भिंत नसलेला तुरुंग काढला, जन्मठेपेचे कैदी बायकापोरांना घेऊन राहणार, शेती करणार. ती वसाहत आजबी चालू आहे. व्ही. शांतारामांचा १९५७ चा दो आँखें बारह हाथ बघितलाच असंल, त्याची कथा गदिमांची, आणि गदिमा त्याच मातीतले, ती गोष्ट निघाली ती ह्या स्वतंत्रपुरातून. आत मात्र परवानगीशिवाय जाता येत नाही, शेवटी तुरुंगच आहे तो, रस्त्यावरून बघून पुढं निघा.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचं माहेर आटपाडीकडचं. त्यांच्या ट्रंकेत एक जुना स्टँप पेपर निघाला, वर औंध असं छापलंय, मजकूर मोडीत आहे. फोटो पाठवायलेय. ह्याचं काय करू? घरचे म्हणायलेत लॅमिनेशन करून टाक. (लातूर)

लॅमिनेशन अजिबात करू नका, हात जोडून सांगतो. प्लॅस्टिक एकदा चिकटलं की ते परत निघत नाही, आत कागद पिवळा पडून तडकतो आणि मग कुणालाच काही करता येत नाही. सेलोटेपबी लावू नका. तुमच्या फोटोत घडीवर कागद फाटायला आलाय, तिथं तो पुन्हा दुमडू नका, सपाट ठेवा, खाली-वर कोरा पांढरा कागद आणि धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी. डांबरगोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, पूर्ण पानाचा एक आणि शिक्क्याचा जवळून एक असे काढून ठेवा, मागची बाजूसुद्धा.

मोडी वाचायला तुमच्या भागातल्या कॉलेजात इतिहासाच्या सरांना विचारा, मोडीचे वर्ग आजकाल बऱ्याच ठिकाणी होतात, कुणीतरी वाचून देईल. बहुतेक जमिनीचा नाहीतर कर्जाचा व्यवहार असणार, स्टँप पेपरवर तेच असतं, पण सालाकडं आधी बघा. १९३९ च्या नंतरचा निघाला तर तो पंचायतींच्या कारभारातला कागद आहे. आणि एक काम आजच करा, सासूबाईंना जवळ बसवून विचारा की त्यांच्या लहानपणी गावात पंच कोण होते, निवडून कसे दिले, त्यांच्या आईनं मत दिलं होतं का. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ठेवा. त्या काय म्हणाल्या ते मला कळवा, मी वाट बघतोय.